मायची बैठक

९ जानेवारी

चेअरमनसाहेब एकदाचे टेम्पोत बसून गेले. पुढच्या आठवड्यात कारखान्याच्या फाटकासमोर त्यांचं अनावरण आहे. पुतळा मातीत असताना समितीचे लोक पुन्हा पुन्हा येऊन बघून गेले आणि दर वेळी एकच बोलले, "सर, साहेब जरा भरलेले करा." साहेब शेवटी हाडांचा सापळा होऊन गेले हे साऱ्या तालुक्यानं पाहिलंय. पण पुतळ्याचे गाल वर आलेलेच पाहिजेत. लावली आणखी माती. इतकी वर्षं हाच धंदा करतोय, मेलेल्या माणसांना जेवू घालायचं.

श्रीरंगचा फोन आला. आम्ही कला महाविद्यालयात एका वर्गात होतो. तो तिथंच प्राध्यापक झाला आणि मी हर्सूलच्या पुढे पत्र्याची शेड टाकून पुतळेवाला झालो. मार्चमध्ये शहरात शिल्पांचं मोठं प्रदर्शन आहे, संयोजन त्याच्याकडे, बाहेरचे परीक्षक येणार आहेत. म्हणाला, "सुदर्शन, यंदा स्वतःचं काहीतरी आण. मागच्यासारखं नको." मागच्या खेपेला माझं काम परत आलं होतं आणि सोबत परीक्षकांचा शेरा होता, 'कारागिरी उत्तम'. त्यापेक्षा आईवरून शिवी दिली असती तरी चाललं असतं.

इथे लिहूनच ठेवतो, म्हणजे मागे फिरायला जागा नको. यंदाही परत आलं तर स्वतःचं काम म्हणून मातीला पुन्हा हात लावणार नाही. चेअरमन आहेतच.

१२ जानेवारी

मायचं शिल्प करायचं. तीन दिवस कपाळाला हात लावून बसलो होतो आणि विषय घरात बसून लसूण सोलत होता. काखेत कळसा अन् गावाला वळसा.

माय दिवाळीला देवगाव रंगारीहून आमच्याकडे गारखेड्यात आली, ती राहिलीच. एरवी शेत सोडून कुठं टिकत नाही. माझ्या लग्नातसुद्धा अक्षता पडल्या की म्हशीचं निमित्त सांगून परत गेली होती. यंदा म्हैस विकली आणि आपण होऊन आली. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "करमंना." वय झालं की माणूस मऊ पडतं.

सकाळी स्कूटरवर मागे बसवून शेडवर नेली. स्टुलावर बसवली तर अवघडून गेली.

"काय करू आता?"

"काही नाही. बांधावर बसतीस तशी बस."

"नुसतीच? बिनकामाची?"

"बसणं हेच काम, माय."

"मंग हात कुठं ठिवू?"

म्हटलं, जिथं जातील तिथं. तिनं एक पाय दुमडून घेतला, आणि डावा हात आपोआप पोटावर गेला. बोटं लुगड्यात जरा रुतलेली, मान किंचित पुढं. मी ओरडलोच, "हलू नको! अस्संच!" वर्षानुवर्षं मॉडेल बसवून असा हात मिळत नाही. तिला शिकवावं लागलं नाही.

२० जानेवारी

डोकं झालंसं वाटत होतं. सुरेखा डबा घेऊन आली, ओलं फडकं बाजूला करून बघितलं आणि म्हणाली, "अगंबाई, हुबेहूब आत्याबाई! दिवाळीत आल्या तेव्हा अश्शाच दिसत होत्या."

हुबेहूब! अनावरणाला समितीचे लोक म्हणतात तो शब्द. तोच बायकोच्या तोंडून ऐकला आणि अंगाचा तिळपापड झाला. नीट बघितलं तर खरंच, गोल गाल, भरलेली हनुवटी. समोर बसलेल्या मायमध्ये यातलं काही नव्हतं. म्हणजे सवयीनं माझ्या अंगठ्यानं तिथंही माती चढवली होती. मायचासुद्धा चेअरमन करून ठेवला होता मी.

तार घेतली आणि दोन्ही गाल कापून काढले. सुरेखा म्हणाली, "अहो, चांगलं होतं की!" मायच तिला म्हणाली, "करू दे गं. त्याचं त्याला कळतं."

२८ जानेवारी

रोज माती निघतेच आहे. काल इथं गाल संपला म्हणून हात धुवावेत, तर आज ती समोर बसते आणि गाल आणखी आत असतो. आधी घाबरलो, म्हटलं हात बिघडला. आता उमगलंय. दोष हाताचा नव्हता, नजरेचा होता. इतकी वर्षं भरलेलंच बघायची खोड लागलेली, ती काही एका दिवसात जाणार नाही. रोज थोडं थोडं खरं दिसायला लागलंय. म्हणून नियम केलाय, यापुढे फक्त काढायचं, लावायचं नाही.

श्रीरंगला फोनवर हे सांगितलं. तर म्हणाला, "अरे, इथं पोचायला लोकांची उमर जाते." किती दिवसांनी कुणी मला असं काही बोललं. शेडमागे जाऊन डोळे पुसून आलो.

आज कानशिलाजवळचा खड्डा सापडला. हात उचलला की बांगड्या कोपरापर्यंत उतरतात, तेही घेतलं.

सुरेखाचं आपलं वेगळंच. आत्याबाई जेवत नाहीत, ताटातली भाकर कुत्र्याला जाते, एकदा दवाखान्यात दाखवू या. म्हटलं, प्रदर्शनाचं होऊन जाऊ दे, मग काय दाखवायचं ते दाखव. मायनंही मलाच साथ दिली. "मला काय धाड भरली? थंडीची भूक नाय लागत."

५ फेब्रुवारी

आज फार चिडलो. नळाला पाणी नाही, टँकर आला नाही, आणि माती ओली ठेवली नाही तर रात्रीत भेगा पडतात. घरच्या पिंपातलं पाणी कॅनमध्ये भरून नेत होतो, तेवढ्यात माय अंथरुणातूनच म्हणाली, "आज नको रे. पोटात गोळा आल्यावाणी व्हतंय."

नको ते बोललो. "नांगर धरायचाय का तुला? नुसतं बसायचंय, माय! माझं एकदाचं होतंय, तेही तुम्हा लोकांना बघवत नाही." सुरेखा मला काहीतरी बोलणार होती. मायनं तिला हातानंच थांबवलं, चिमूटभर ओवा तोंडात टाकला आणि स्कूटरपाशी येऊन उभी राहिली.

शेडवर थोडा वेळ बसली, मग मागे गेली. आली तेव्हा पदरानं तोंड पुसत होती. "कडू पाणी पडलं. आता हलकं वाटतंय." आणि त्यानंतर जी बसली! खांदे सुटलेले, सगळं वजन त्या पोटावरच्या हातावर. ताजं माणूस बसल्याचं सोंग करतं, थकलेलं माणूस नुसतं बसतं. हे मला कुठल्या कॉलेजनं शिकवलं नव्हतं. दोन आठवड्यांचं काम एका सकाळी झालं.

येताना टीव्ही सेंटरच्या चौकात तिला उसाचा रस पाजला. दोन घोट घेतले आणि उरलेला माझ्याकडे सरकवला. सकाळचं बोललेलं मनात होतं, पण माफी मागायची आमच्यात पद्धत नाही. रस पिऊन टाकला.

१३ फेब्रुवारी

मानेवर काम. गळ्याचं हाड आता नीट वर आलंय, त्याच्या मागे पन्हळीसारखी खोल जागा. आणि डाव्या बाजूला, हाडाच्या अगदी वर, एक लहानसा उंचवटा. हरभऱ्याएवढा असेल. सकाळची तिरपी उन्हं आली की तिथं उजेड थांबतो. आधी दिसला नव्हता. म्हणजे होता, मला दिसला नव्हता.

हा कुणी मनानं घालणार नाही. म्हणूनच घातला. नियम मोडून मातीची गोळी ठेवली, बोटानं दाबली आणि सगळी मान जिवंत झाली.

माय विचारत होती, "लई बारकाईनं बघतोस रे. काय दिसतंय?"

"सगळं दिसतंय," मी म्हटलं.

१८ फेब्रुवारी

झालं.

शेवटचा हात फिरवला आणि मायला म्हटलं, ऊठ, संपलं. तिला उठता येईना, पाय बधिर झाले होते. हाताला धरून उठवली. म्हणाली, "झालं ना तुव्हं समदं? मंग मी आता पडू का जरा?"

मला हसू आलं. म्हटलं, पड की, महिनाभर पड.

२ मार्च

प्लास्टरचा साचा घेतला, त्यात मातीचं मूळ काम मोडलं. ते मोडतंच. साच्यातून फायबरचं शिल्प निघालं, एकही फुगा नाही. जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या कामाकडे बघून भीती वाटली.

माय परवापासून उठलेली नाही. अशक्तपणा आहे. सुरेखानं सलाईन लावून आणलं.

९ मार्च

आज उद्घाटन झालं. पहिलं पारितोषिक मला. हे लिहिताना जो आनंद व्हायला पाहिजे तो कुठं गेलाय कळत नाही. क्रमानं लिहितो.

मी शिल्पाला नाव दिलं होतं 'सारजाबाई'. श्रीरंगनं परस्पर 'मातृत्व' करून टाकलं. परीक्षक माइकवर बोलले की पोटावरचा तो हात म्हणजे सगळ्या मातृत्वाचं सार आहे. टाळ्या झाल्या. लोक फोटो काढत होते. मागच्या वर्षी ज्यांनी ओळख दाखवली नव्हती ते आज मिठी मारून गेले.

गर्दी पांगली तरी एक बाई शिल्पापुढे उभीच होती. तिशी-पस्तिशीची, खांद्याला पर्स. चेहऱ्याकडे नाही, मानेकडे बघत होती. मग पुढे होऊन तिनं नेमकं त्या डाव्या उंचवट्यावर बोट ठेवलं. मी म्हटलं, "मॅडम, कामाला हात लावायचा नसतो."

"सॉरी. हे तुमचं का? मग सांगा, हे तुम्ही मनानं केलंय?"

मला बरंच वाटलं. सबंध दिवसात त्या जागेबद्दल कुणी विचारलं नव्हतं. छाती काढून म्हणालो, "यात माझ्या मनाचं काहीच नाही. जे दिसलं तेवढंच केलंय."

"हा हातसुद्धा?"

"हातसुद्धा. ती बसतेच तशी."

तिनं पर्स दुसऱ्या खांद्याला घेतली. "ह्या कोण आहेत तुमच्या?"

"माझी आई."

"मी डॉक्टर वैदेही. आहेत ना त्या? कुठं आहेत?"

असं काय विचारता, म्हटलं, घरी आहे, गारखेड्यात. तर म्हणाली, "उद्या सकाळी त्यांना माझ्याकडे घेऊन या. उद्याच. प्लीज, परवावर टाकू नका." आणि कार्ड दिलं. मला रागच आला. एवढं शिल्प समोर आणि या बाईला दवाखाना सुचतोय. श्रीरंगला म्हणालोसुद्धा, डॉक्टर लोकांना कलेतलं काय कळतं.

घरी आलो. माय भिंतीकडे तोंड करून निजली होती. ट्रॉफी उशाशी ठेवली, तिनं ती चाचपून बघितली, "वजनदार हाय," म्हणाली. मग मी तिच्या गळ्याला हात लावला. एवढे दिवस बघत होतो, हात कधी लावला नव्हता. माती मऊ होती. हे दगडासारखं टणक आहे.

११ मार्च

पोटाचा आहे. यकृतात गेलाय, गळ्यातली गाठ त्याचीच. कापण्याजोगं आता काही नाही. डॉक्टर वैदेही हळू आवाजात बोलत होत्या, मी त्यांच्या टेबलावरच्या प्लास्टिकच्या जठराकडे बघत होतो. साचा चांगला नव्हता त्याचा.

विचारलं, जानेवारीत आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, आता तो विचार करू नका. म्हणजे काय ते मला कळलं.

बाहेर बाकावर सुरेखा बोलली. ती ओरडली असती तर सोपं गेलं असतं. "तुम्ही तिकडं माती काढत होता आणि मी इकडं त्यांच्या चोळ्या आत घेत होते. तीनदा शिलाई घातली हो मी. तरी तुमचं प्रदर्शन होऊ द्यायची वाट बघितली." मग तोंडात पदर कोंबून रडली. मला तिच्या पाठीवर हात ठेवायचा धीर झाला नाही.

१२ मार्च

श्रीरंगकडे कॉलेजात गेलो. शिल्प काढून घेतो म्हणालो. बक्षीस परत घ्या, काय हवं ते करा, पण मला ते तिथं नको. तो म्हणाला, "वेडा झालास का? बायका तिच्या पायाशी फुलं ठेवतायत." त्याची कॉलर धरली मी, सगळ्या विद्यार्थ्यांसमोर. ती एक आजारी बाई आहे, मी ओरडत होतो, तिचं पोट दुखतंय म्हणून तिनं हात ठेवलाय, मातृत्व कसलं घेऊन बसलात?

शिपायानं मला बाहेर नेलं. पार्किंगमध्ये बराच वेळ स्कूटरची किल्ली सापडली नाही. हातातच होती.

डोळ्यांत तेल घालून बघितलं म्हणतात, ते हेच असावं. माझी नजर सुधारतेय म्हणून मी खूश होत होतो, आणि ती रोज माझ्यासमोर थोडी थोडी संपत होती. मी तिचं मोजमाप घेत होतो. अशा माणसाला काय म्हणायचं ते मला मराठीत सापडत नाही.

१६ मार्च

प्रदर्शनाचा शेवटचा दिवस. मायनं हट्टच धरला. "समदं गाव बघून आलं म्हन्त्यात, मीच तेवढी ऱ्हायले." डॉक्टर वैदेहींनी चाकाची खुर्ची मिळवून दिली. माझ्या मनात नव्हतं. पण तिला नाही म्हणायचा हक्क मी घालवून बसलोय.

हॉलमध्ये लोकांनी ओळखलं, बाजूला झाले, कुणी बाईनं पाया पडायला सुरुवात केली. मायला ते कळेना, तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. मी खुर्ची शिल्पापुढे थांबवली आणि तिच्या मागे उभा राहिलो, म्हणजे माझं तोंड तिला दिसायला नको. दोघी समोरासमोर, दोघींचा हात पोटावर.

घरात आरसा एकच, तोही सुरेखाच्या उंचीचा. मायनं स्वतःला शेवटचं कधी बघितलं असेल कुणास ठाऊक. फार वेळ बघत राहिली.

"सुदर्शना, इतकी वाळले व्हय मी?"

जे तोंडात आलं ते बोललो. "माती आहे ना माय. सुकली की आकसते."

"असं व्हय," माय म्हणाली.

फायबर आकसत नाही. तिला ते माहीत असायचं कारण नाही. पण तिनं मान न वळवता हात मागे केला आणि माझा खुर्चीवरचा हात थोपटला. लहान पोराला खोटं बोलताना पकडल्यावर आपण सोडून देतो, तसं.

२९ मार्च

काही लिहिण्यासारखं नाही. दुखायला लागलं की गोळी. दोन चमचे पेज. कारखान्याच्या समितीचा फोन आला, चेअरमनसाहेबांच्या पत्नीचाही अर्धपुतळा करायचा आहे, बाई जरा भरलेल्या करा. फोन ठेवून दिला.

२ एप्रिल

मी सुट्टीच घेतलीय सगळ्यातून. तिच्या कॉटपाशी खुर्ची टाकून बसतो आणि बघत राहतो. दुसरं काय करणार? आता सगळं कळून बघतो. श्वास कुठं अडतो, डोळ्याखाली काल काय होतं आणि आज काय आहे.

आज सकाळी तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून चटकन मिटून घेतले. थोड्या वेळानं पुन्हा उघडले, पुन्हा मिटले. मी विचारलं, दुखतंय का? गोळी देऊ?

"नाय. तू असा नुसता नको बघत बसू रे. मला भ्या वाटतं."

"मग काय करू?"

"शेडवर कसा बघायचास. तवा बरं वाटायचं. काहीतरी कर की हातानं."

सुरेखाला बसवून हर्सूलला गेलो. पिंपातली माती तशीच होती, महिनाभर न बघताही मऊ राहिलेली. तगारीभर माती, एक पाट आणि ओलं फडकं घेऊन आलो. कॉटशेजारी पेपर अंथरले. मायनं सवयीनं मान जराशी वर केली, हात कुठं ठेवायचा ते तिनं विचारलं नाही.

माती घेतली खरी, पण करायचं काय? चेहऱ्याला हात लावायची हिंमत नाही. जिथं बघावं तिथं काहीतरी कमी झालेलं. शेवटी पदर सरकला होता तिथं नजर थांबली. कान. कान तेवढे जसेच्या तसे राहिलेत. जड पाळ्या, वरच्या बाजूला बुगडीचं भोक, तसंच. किती दिवसांनी मी माती काढली नाही, लावली.

ती डोळे मिटून पडली होती. या वेळी भीतीनं नाही. जरा वेळानं विचारलं, "कुठवर आलं?"

"कान करतोय, माय."

"चांगले कर. बापानं मव्हे लई हौसेनं टोचले व्हते."

"हो."

"आन् घाई नको करू."

"नाही करत," म्हटलं, आणि माती ओली राहावी म्हणून वाटीतलं थोडं पाणी बोटांनी वर शिंपडलं.